वाऱ्याला शिव्या देण्याआधी

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना सुट्टीच्या सकाळी नुसताच वाद घालायचाय त्यांचा वेळ वाचेल. गच्चीवर किंवा गॅलरीत, उघड्यावर वाढवलेली ऑर्किड्स वाऱ्यानं फारशी मरत नाहीत. ती मरतात दोन कारणांनी. एक म्हणजे वाऱ्याआधी आपण त्यांना धड बसवलेलं नसतं. आणि दुसरं म्हणजे वाऱ्यानंतर आपल्याला हात आवरता येत नाहीत. वारा बिचारा मधल्या मध्ये बदनाम होतो.

आता हे ऐकून "तुझं काय जातंय बोलायला, तुझी झाडं कुठे पडलीत" असं कुणी म्हणेल. पडलीत हो, सांगतो पुढे. पण त्याआधी ऑर्किड नावाच्या प्राण्याबद्दल दोन शब्द. (प्राणीच म्हणतो मी. नखरे तसेच असतात.)

ऑर्किड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंचतारांकित हॉटेलच्या रिसेप्शनवरचा तो पांढरा शुभ्र फुलांचा दांडा येतो. एसीत उभा, पाठीला काठी बांधलेला, जणू इंटरव्ह्यूला आलाय. त्यामुळे हे काहीतरी फार नाजूक, परदेशी आणि महागडं प्रकरण आहे असा आपला समज होतो. प्रत्यक्षात आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात ऑर्किड्स पूर्वीपासून आहेत. मराठीत त्यांना आमरी असं छान नाव आहे. आंब्या-फणसाच्या फांदीवर बसणारी 'सीतेची वेणी' तर कोकणातल्या कुणालाही दाखवता येईल. मे-जूनमध्ये तिचे गुलाबी ठिपक्यांचे गजरे लोंबायला लागतात. हीच वनस्पती आसाम आणि अरुणाचल प्रदेशचं राज्यफूल आहे, आणि बिहू नाचणाऱ्या मुली ती केसांत माळतात.

ही बाई राहते कुठे? जमिनीपासून वीस-तीस फुटांवर, उघड्या फांदीवर. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून येणारा वारा आणि पाऊस अंगावर घेत. तिला ना शेडनेट, ना कुंडी, ना दर रविवारी खत. जगातल्या ऑर्किड्सपैकी सुमारे ७० टक्के जाती अशाच झाडांवर राहणाऱ्या आहेत. म्हणजे वाऱ्यात राहणं हा या मंडळींचा पिढीजात धंदा आहे. मग आपल्या गच्चीवर आल्यावरच त्यांना वारा का बाधतो?

उत्तर मुळांत आहे. शब्दशः.

झाडावर राहणाऱ्या ऑर्किडच्या मुळांवर एक जाड, पांढुरकं, स्पंजासारखं आवरण असतं. त्याला व्हेलामेन म्हणतात. ते मेलेल्या पेशींचं असतं. पाऊस पडला की पाणी टिपून घेतं, कोरडं असताना चंदेरी दिसतं आणि भिजलं की आतला हिरवा रंग दिसायला लागतो. हे मूळ सालीला असं चिकटतं की ओढून काढायला गेलात तर मूळ तुटेल पण सुटणार नाही. या झाडाचं सगळं इंजिनिअरिंग एका शब्दात सांगता येतं: पकड. पानं कितीही हलू देत, फुलांचा गजरा कितीही झुलू दे, बुडखा हलत नाही.

आणि आपण काय करतो? नर्सरीतून आणतो, कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची शेंडी भरलेल्या प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवतो, वरून जरा दाबतो आणि फोटो काढतो. ते झाड कुंडीत नुसतं उभं असतं. बसमध्ये दांडी न धरता उभ्या असलेल्या माणसासारखं. बस चालू आहे तोवर ठीक. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की मग कळतं.

पण खरं नुकसान ब्रेक मारायच्या आधीच सुरू झालेलं असतं. रोजच्या साध्या वाऱ्यानं झाड कुंडीत डुलत राहतं. मुळाचं नवं कोवळं हिरवं टोक कोळशावर घासून खरचटतं, आणि एकदा टोक गेलं की ते मूळ त्या टोकानं पुढे वाढत नाही. मग नवी मुळं धरत नाहीत म्हणून झाड डुलतं, आणि झाड डुलतं म्हणून नवी मुळं धरत नाहीत. आमच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात. वर्षभर "माझं ऑर्किड वाढतच नाही, खत कुठलं घालू?" असं विचारणाऱ्यांनी खताचा विचार सोडून झाड हलकेच हलवून बघावं. हललं, तर उत्तर मिळालं.

आता थोडं गणित. घाबरू नका, सातवीचं आहे.

इमारतींवर वाऱ्याचा किती भार येतो हे काढायला आपल्याकडे भारतीय मानक ८७५, भाग ३ वापरतात. त्यातलं मूळ सूत्र अगदी सुटसुटीत आहे: वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ नं गुणा. उत्तर येतं दर चौरस मीटरवर किती न्यूटन दाब, ते. ताशी ३६ कि.मी. म्हणजे सेकंदाला १० मीटर. दाब ६० न्यूटन, म्हणजे साधारण ६ किलोचं ओझं. आता वेग तिप्पट करा, ताशी १०८ कि.मी. दाब तिप्पट नाही, नऊपट होतो: ५४० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ५५ किलो! आणि हा आकडा काही पुस्तकातला नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून समुद्रातनं पुढे गेलं, तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० कि.मी.च्या वर नोंदले गेले होते.

लाकडी टोपलीत टांगलेला एक बऱ्यापैकी मोठा वांडा घ्या. पानांचा पसारा धरून वाऱ्याला सामोरं क्षेत्र चौरस मीटरचा दहावा हिस्सा धरू. पानं वाऱ्यात दुमडतात, वारा फटीतून जातो, त्यामुळे हिशेब काटेकोर नाही, पण अंदाजाला पुरे. अशा झोतात आडवा धक्का साडेपाच किलोच्या आसपास, आणि टोपलीसकट झाडाचं वजन जेमतेम किलोभर. म्हणजे ती टोपली लोंबकळत नाही, ती पतंग होते. आणि आपण तिला कशावर टांगलेलं असतं? इंग्रजी एस आकाराच्या उघड्या हुकावर, जो फक्त वजन खाली ओढत असतं तोवरच काम करतो. टोपली वर उचलली गेली की हुक आपसूक निसटतो. डिझाइनच तसं आहे त्याचं.

आता माझी गोष्ट. १३ मे २०२४, सोमवार. मुंबई आणि आसपासच्या भागात दुपारी धुळीचं वादळ आलं तो दिवस. मी अर्थातच ऑफिसमध्ये होतो, काचेच्या आड, आणि बाहेरचं आकाश मातकट होताना बघत होतो. शेजारच्या काकूंचा फोन आला, "अरे, तुझ्या त्या फुलांच्या टोपल्या गच्चीभर पळतायत. मी वर जाऊ का?" मी म्हटलं, "काकू, अजिबात जाऊ नका. दार लावून घ्या." रात्री उशिरा घरी पोचलो. त्याच वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं होतं. मृतांचा आकडा पुढे १७ वर गेला. टीव्हीवर ते चालू असताना टॉर्च घेऊन गच्चीवर फुलांचे दांडे मोजायला मला लाज वाटली. मोजले नाहीत. ही गोष्ट मुद्दाम लिहितोय, कारण या विषयावर बोलताना आपलं नुकसान नक्की कुठल्या मापाचं आहे ते विसरू नये असं मला वाटतं.

सकाळी बघितलं. लहानमोठी धरून माझ्याकडे ६२ झाडं होती. टांगलेल्या १९ वांडांपैकी ११ खाली, त्यातल्या दोघांचं खोड मधोमध मोडलेलं. फॅलेनॉप्सिसच्या कुंड्या एकमेकींवर आपटलेल्या, पाचांचा मधला कोंबच गेलेला. डेंड्रोबियमच्या कांड्या इकडेतिकडे. हिरवी जाळी एका कोपऱ्यातून सुटून पलीकडच्या टाकीला गुंडाळलेली. आणि या सगळ्यात कोपऱ्यातली एक वस्तू जागची हललेली नव्हती.

ती म्हणजे आमच्या दापोलीच्या घरच्या आंब्याची हातभर लांबीची फांदी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडेही बागाच्या बागा झोपल्या. आमचा परसातला आंबा त्यातच गेला. आजीनं लावलेला होता तो. लॉकडाऊनमुळे आम्हाला जायला दिवाळी उजाडली. आंबा आडवाच होता, आणि त्याच्या एका फांदीवर सीतेची वेणी. चक्रीवादळ, झाडाचं कोसळणं, मग आख्खा पावसाळा, सगळं पचवून नव्या मुळांसकट हिरवीगार. मी झाड सोडवायचा प्रयत्न न करता फांदीच करवतीनं कापून आणली आणि गच्चीच्या लोखंडी पाइपला दोन ठिकाणी तारेनं आवळली. चौदा मेच्या सकाळी तिचा अर्धा गजरा झडलेला होता. झाड? ढिम्म.

आजी आता नाही, आंबा नाही. त्या घरातलं माझ्याकडे जिवंत असं एवढंच आहे. त्यामुळे "एवढं काय, झाडंच आहेत, दुसरी आण" असं कुणी म्हटलं की मी फक्त मान हलवतो. काही झाडं दुसरी आणता येतात, काही नाही येत. कुठल्या कुंडीला कुणाचं नाव जोडलेलं आहे ते बाहेरच्याला दिसत नाही.

असो. तर त्या सकाळी करायचं काय?

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. आमच्या धंद्यात शुक्रवारी रात्री सर्व्हर कोसळला की सगळ्यात धोकादायक माणूस कोण असतो ठाऊक आहे? जो उत्साही असतो तो. तो एकाच वेळी पाच गोष्टी बदलतो. मग मूळ बिघाड कुठला आणि यानं घातलेला कुठला, हे कुणालाच कळत नाही. वादळानंतरच्या सकाळी प्रत्येक ऑर्किडवाला हाच उत्साही माणूस असतो. सगळी झाडं उपटतो, मुळं धुतो, नव्या कुंड्या आणतो, कापाकापी करतो, वरून "शक्ती यावी" म्हणून खत घालतो. आजाऱ्याला श्रीखंड! तुटलेल्या मुळांना ते खत पेलत नाही, उलट भाजतं. माझ्या ओळखीतल्या एका गच्चीवर असंच घडलं, आणि वादळात वाचलेली कितीतरी झाडं पुढच्या महिन्यात सडून गेली. दोन गच्च्यांवरून नियम सिद्ध होत नाही हे कबूल. पण त्यामागचं कारण सोपं आहे. प्रत्येक उपटण्यात उरलीसुरली मुळं तुटतात, प्रत्येक कापात रोग आत शिरायला दार उघडतं.

म्हणून माझा क्रम असा आहे, आणि तो मी हट्टानं पाळतो.

सगळ्यात आधी सावली. पाणी नाही, औषध नाही, सावली. मे महिन्यात जाळी उडाली की दुसऱ्या दिवशीचं ऊन काही तासांत पानं भाजतं, आणि भाजलेला डाग परत हिरवा होत नाही. वाऱ्यानं जे वाचवलं ते ऊन नेतं. नवी जाळी येईपर्यंत आईची जुनी सुती साडी बांधा. उत्तम चालते, आणि चाळीवजा शोभाही येते.

दुसरं, पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या कोंबात पाणी राहिलं की कोंब कुजतो आणि खेळ संपतो. कुंडी आडवी करा, उरलेलं पाणी टिश्यू पेपरच्या सुरळीनं टिपा. समुद्राजवळ राहत असाल तर वाऱ्याबरोबर आलेलं खारं पाणी आधी साध्या पाण्यानं धुवा, मग टिपा.

तिसरं, जी झाडं कुंडीतून पूर्ण बाहेर पडलीत तेवढीच परत बसवा. त्याच कुंडीत, त्याच कोळशात, आणि बांधून. बाकीच्यांना हात लावू नका. कुंडी बदलायची वेळ येते ती बुडाशी नवी मुळं डोकावायला लागली की. ती आपण ठरवायची नसते, झाड ठरवतं.

चौथं, कापणं. दुमडलेलं, फाटलेलं पण हिरवं पान अजून कामावर आहे, ते राहू दे. दिसायला वाईट दिसतं म्हणून कुणी कामाच्या माणसाला काढतं का? (काढतात म्हणा. पण तो वेगळा लेख.) डेंड्रोबियमच्या पानं गळलेल्या म्हाताऱ्या कांड्याही कापू नका, त्यात झाडाचा पाण्याचा आणि अन्नाचा साठा असतो. अपवाद एकच: पाणी सुटल्यासारखा, मऊ, वास मारणारा डाग दिसला तर मात्र एक तासही थांबू नका. डागाच्या खाली निरोगी भागात कापा, प्रत्येक कापाआधी कात्री ज्योतीवर तापवून घ्या, आणि कापाच्या जागी दालचिनीची पूड लावा. फक्त कापावर. मुळांवर नको, ती मुळांना सुकवते.

पाचवं, मोडलेलं फेकू नका. मोडलेल्या वांडाच्या वरच्या तुकड्याला दोन-तीन चांगली मुळं असतील तर ते स्वतंत्र झाड आहे, आणि खालचा बुंधाही बरेचदा फुटतो. डेंड्रोबियमची मोडकी कांडी ओलसर काथ्यावर आडवी ठेवलीत तर पेरापाशी पिल्लू धरू शकतं. कॅटलियाचा नवा कोंब तुटला तर मागच्या खोडावरचा झोपलेला डोळा जागा होतो. फॅलेनॉप्सिसचा कोंब गेला तर ते कधी बुडातून पिल्लू देतं, कधी नाही देत. त्याला सहा महिने द्या. नाहीच दिलं, तर निरोप द्यायचा. सगळं वाचवता येतं असं सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकायला आलाय.

बस. यानंतर बाल्कनीचं दार लावायचं आणि ऑफिसला जायचं. काही न करणं हेसुद्धा काम आहे, फक्त ते टाइमशीटमध्ये भरता येत नाही.

आता दुसरा पक्ष. वादळ झालं की प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक शहाणा निघतो आणि म्हणतो, "सरळ काच लावून घे ना! कटकटच नको." मला हे पटत नाही, आणि फक्त खर्चामुळे नाही.

वारा ठोस भिंतीला अडला की थांबत नाही, तो वरून उडी मारून पलीकडे भोवरे करत उतरतो. म्हणून शेतीत वारा अडवायला भिंत बांधत नाहीत, झाडांच्या रांगा किंवा जाळी लावतात. निम्मा वारा अडवणारी आणि निम्मा जाऊ देणारी आडोशाची जाळी ठोस पत्र्यापेक्षा जास्त लांबपर्यंत शांत हवा देते. ज्या बाजूनं वारा येतो तिकडे उभी जाळी लावा. मात्र डोक्यावरची आडवी जाळी एकसंध ठेवू नका. दहा बाय दहा फुटांचं ते शीड ताशी १०० कि.मी.च्या झोतात काही शे किलोंनी ओढतं आणि पाइपसकट उपटतं. दोन-तीन पट्ट्या करा, आणि त्या पाइपला अशा हलक्या दोरीनं बांधा की जाळी फाटायच्या किंवा पाइप वाकायच्या आधी दोरी तुटेल. घरातल्या फ्यूजचं तत्त्व. तुटायचंच असेल तर स्वस्त गोष्ट तुटू दे.

शिवाय वारा झाडाला लागतोच. मॉर्डेकाय जॅफी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये दाखवून दिलं की वारंवार स्पर्श झालेली, हलवली गेलेली रोपं बुटकी पण जाड खोडाची, दणकट होतात. म्हणजे थोडा वारा हा व्यायाम आहे. आणि पावसाळा आठवा. जुलैत आपल्याकडे हवा इतकी ओली असते की चादरी वाळत नाहीत. बंद काचेच्या खोलीत भिजलेली पानं तशीच राहतात आणि बुरशी मजेत वाढते. मे महिन्यात ज्याला आपण शिव्या घालतो, तोच वारा जुलैत डॉक्टर असतो. फीसुद्धा घेत नाही.

तेव्हा अडवायचं नाही, धरायचं. झाडाचा बुडखा कुंडीला किंवा टोपलीला जुन्या बनियनच्या पट्ट्यांनी तीन बाजूंनी बांधा. नवी मुळं धरली की सहा-आठ महिन्यांनी पट्टी कापून टाका. कुंडीच्या तळाशी विटांचे मोठे तुकडे घाला म्हणजे वजन खाली राहील. जमेल तिथे कुंडी सोडून सरळ लाकडावर बांधा, झाडाला तेच हवं असतं. उघडे हुक काढा, बंद कडी आणि साखळी वापरा, आणि टोपलीला खालूनही एक दोरी मारा म्हणजे ती झुलणार नाही. नावाची पट्टी कुंडीत खोचू नका, झाडाला बांधा. नाहीतर वादळानंतर साठ अनाथ मुलं आणि साठ जन्मदाखले वेगवेगळे सापडतात. वादळाचा इशारा आला की टांगलेलं सगळं खाली, कठड्याच्या आडोशाला, एकमेकांना खेटून. कोपरे आणि गच्चीची कड सोडून, कारण वारा तिथेच सगळ्यात जोरात असतो.

एका बाबतीत मात्र मी माझ्या बिरादरीच्या विरोधात आहे. आमच्या सोसायटीनं त्या वादळानंतर नोटीस लावली: कठड्यावर आणि ग्रिलच्या बाहेर एकही कुंडी नको. बागकाम करणाऱ्यांनी आरडाओरडा केला, हौसेवर गदा वगैरे. मला सोसायटी बरोबर वाटते. सातव्या मजल्यावरून, म्हणजे साधारण २० मीटरवरून पडलेली कुंडी खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी ७० कि.मी.च्या पुढे असतो. खाली वॉचमन काका खुर्ची टाकून बसलेले असतात, मुलं सायकली फिरवत असतात. माझं ऑर्किड वाचलं की गेलं हा माझा प्रश्न आहे. माझी कुंडी कुणाच्या डोक्यावर पडली तर तो माझा प्रश्न राहत नाही. ज्यांना झाड बांधून ठेवायचा कंटाळा आहे त्यांनी झाडं ठेवू नयेत, इतकं साधं आहे हे.

आणि ज्यांनी एका वादळानंतर सगळं वाटून टाकलं, "नको ती हौस" म्हणाले, त्यांना एवढंच सांगतो. आपल्या पिढीला घर भाड्याचं, नोकरी दोन वर्षांची, शहर कंपनी सांगेल ते. कुठेच फार मुळं धरू नयेत असा सगळा कारभार. अशात फांदीवर बसून, जमीन नसताना, नुसत्या पकडीवर जगणारं हे झाड मला तरी फार जवळचं वाटतं. ते वारा थांबायची वाट बघत नाही. मिळेल त्या सालीला एक-एक मूळ चिकटवत जातं.

तेव्हा मंडळी, सुट्टी आहे, चहा झाला असेल, तर गच्चीवर जा. प्रत्येक झाड दोन बोटांनी हलकेच हलवून बघा. जे हलत नाही त्याला शाबासकी द्या. जे हलतंय ते आजच बांधा. वाऱ्याला शिव्या द्यायला नंतर आख्खा मे महिना आहे.